वही कोणाच्या हाती?

बचत गट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पापड-लोणच्यांचे प्रदर्शन उभे राहते. त्यात चूक नाही. पण पापड ही फार पुढची गोष्ट झाली. गट मुळात उभा राहतो तो एका वहीवर. ती वही वाचायला शिकवणे हेच गटाचे खरे प्रशिक्षण, असे माझे मत झाले आहे. अर्थशास्त्र हा माझा विषय असला तरी हे मत वर्गात बनलेले नाही, आमच्या ओसरीवर बनलेले आहे.

१९९२ साली नाबार्डने पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. कल्पना साधी होती. दहा ते वीस जणींनी एकत्र यायचे, दरमहा ठरावीक रक्कम जमा करायची, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचे. आणि हा व्यवहार काही महिने नीट चालला की बँकेने गटाला कर्ज द्यायचे. तारण म्हणून जमीन नाही, सोने नाही. बँकेचे साहेब पाहतात ती वही. म्हणून गटांना 'पंचसूत्री' शिकवतात : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ पासून 'उमेद' अभियानाने हे शिक्षण खेड्यापाड्यांत नेले.

आमच्या सांगोला तालुक्यातल्या गावी आईच्या गटात बारा जणी. पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ होती. पाचवे सूत्र म्हणजे मात्र मी. आठवीत असल्यापासून गटाची वही मी लिहीत असे. बायका पैसे मोजून ठेवत, मी आकडे मांडी, आणि त्या विश्वासाने अंगठा किंवा सही करीत. "पोरगं शिकलंय" या एका वाक्यावर सारा कारभार चालला होता. मलाही त्याचा अभिमान वाटे, हे कबूल केले पाहिजे.

शेजारच्या काकूंनी शेळ्यांसाठी दहा हजार घेतले होते. व्याज महिना शेकडा दोन रुपये, फेड दहा महिन्यांत. मी शाळेतले सूत्र लावले : मुद्दल गुणिले दर गुणिले काळ. महिन्याला दोनशे, दहा महिन्यांचे दोन हजार. काकूंनी एकही हप्ता न चुकवता फेडले.

पुढे मी कॉलेजसाठी बाहेर पडलो आणि तीन महिने वही कोरी राहिली. बँकेत गटाचे कर्ज अडले. तेव्हा प्रशिक्षणासाठी एक ताई आल्या. याआधीही एक प्रशिक्षण झाले होते. चहा, वडापाव, हजेरीपत्रकावर सह्या आणि फोटो. या ताई मात्र सलग तीन दुपारी बायकांच्या सवडीने आल्या. त्यांनी खडू-फळा मागितला नाही, चिंचोके मागितले. दहा चिंचोके ओळीने मांडले. एक चिंचोका म्हणजे एक हजार. दर महिन्याला एक चिंचोका उचलायचा, कारण तेवढे मुद्दल फिटले. आणि जे खाली उरले असतील त्यांचेच व्याज द्यायचे, चिंचोक्याला वीस रुपये. पहिल्या महिन्यात दहा, मग नऊ, मग आठ. बायकांनी मोजत मोजत बेरीज केली : पंचावन्न चिंचोके, अकराशे रुपये.

मी सुट्टीला घरी होतो, दाराशी बसून ऐकत होतो. दोन हजार आणि अकराशे. माझे सूत्र चुकीचे नव्हते. पण फिटलेल्या पैशावरही मी काकूंकडून व्याज घेत राहिलो होतो. ताई म्हणाल्या, कोणती पद्धत ठेवायची ते गटाने ठरवावे. खरी अडचण हीच की पद्धती दोन आहेत हे त्या ओसरीवर कुणालाच ठाऊक नव्हते. मलासुद्धा.

मी मान खाली घातली. काकूच म्हणाल्या, "नऊशे गेलं ते आपल्याच पेटीत गेलं की. कुणी खाल्लं न्हाई. पर फुडच्या बाईचं जाऊ नये." त्या बैठकीत उरलेल्या मुद्दलावर व्याज घ्यायचे ठरले आणि काकूंचे नऊशे पुढच्या कर्जात वळते करायचे ठरले. तो ठराव आईने सांगितला, मी लिहिला. इतिवृत्तातले माझे ते शेवटचे पान.

आमच्यापासून फार लांब नसलेल्या म्हसवडला याहून मोठी गोष्ट घडली आहे. तिथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत या कारणाने रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका काही महिने लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा कोणताही हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, असे त्यांनी साहेबांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब त्यांना येतच होता. नव्हती ती अक्षरे. आपल्या प्रशिक्षणांत बहुधा हा भेद कुणी करीत नाही आणि बाईला काहीच येत नाही असे धरून सुरुवात होते.

याची दुसरी बाजू २०१० साली आंध्र प्रदेशात दिसली. खाजगी कंपन्यांनी एकाच बाईला अनेक ठिकाणची कर्जे दिली, मग वसुलीचा तगादा, आत्महत्यांच्या बातम्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारचा अध्यादेश. दोष तिथल्या बायकांच्या अज्ञानाचा नव्हता, कर्ज वाटणाऱ्यांच्या घाईचा होता. पण एवढ्या घाईत चिंचोके मांडून दाखवायला कोण थांबणार?

आता आमच्या गटाची वही आई लिहिते. तिचा सात अजून उलटा पडतो. दिवाळीत गेलो तेव्हा मी वही मागितली, तर म्हणाली, "आधी हात धुऊन ये." मी सगळ्या बेरजा तपासल्या. पाच रुपयांची एक चूक सापडली. ती माझ्याच जुन्या पानावरून पुढे आलेली होती.