दोन रेघांमधलं अंतर

लसीकरण यशस्वी झालं की काय घडतं? काहीच नाही! घटसर्प न झालेलं बाळ चारचौघांसारखंच रांगतं, पडतं, रडतं. त्याला कशापासून वाचवलं, हे बघून कुणालाच सांगता येत नाही. मग मोहोळ किंवा माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आपलं काम बरं चाललंय की नाही, हे कळायचं कसं?

त्याचं उत्तर एका कागदी तक्त्यात आहे. आडव्या बाजूला एप्रिल ते मार्च हे महिने, उभ्या बाजूला बाळांची संख्या. शून्यापासून वर्षाच्या उद्दिष्टापर्यंत एक तिरकी रेघ. तिच्या सोबतीनं दर महिन्याला दोन रेघा पुढे सरकतात: पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस किती बाळांना मिळाला आणि तिसरा किती बाळांना. ही एकच लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब जंतूची लागण या पाच दुखण्यांना अडवते. डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना.

समजा, एका उपकेंद्राचं वर्षाचं उद्दिष्ट १२० बाळांचं आहे. सप्टेंबरअखेर ६० व्हायला हवीत. पहिला डोस ५७ बाळांना मिळालाय, तिसरा मात्र ४२. वजाबाकी १५, म्हणजे ५७ च्या तुलनेत गळती २६ टक्के. ती १० टक्क्यांच्या वर गेली की धोक्याची खूण मानतात.

गंमत पुढे आहे. पहिली रेघच उद्दिष्टाच्या खूप खाली असेल, तर लस लोकांपर्यंत पोचलेलीच नाही: वस्ती लांब आहे, लसीकरणाचं सत्र ठरलेल्या दिवशी होत नाही किंवा घरच्यांचा विश्वास नाही. पहिली रेघ वर आणि तिसरी खाली असेल, तर दुखणं निराळं. आई एकदा आली होती, परत आली नाही. कदाचित सुईनंतर बाळाला ताप आला आणि ‘ताप येऊ शकतो, घाबरू नका’ हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दुखण्याला नवं सत्र लागतं, दुसऱ्याला दोन मिनिटांचं बोलणं. एक साधी वजाबाकी या दोन्हींत फरक करून दाखवते!

कधी कधी ही वजाबाकी उणे येते. पहिल्यापेक्षा तिसरा डोसच जास्त बाळांना! नोंदीतली चूक असू शकते, पण सोलापूर जिल्ह्यात आणखी एक शक्यता असते. इथे साखर कारखाने पुष्कळ. हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. गावी पहिला डोस घेतलेलं बाळ तिसरा इथे घेतं. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीतही असाच खेळ करते. दीड महिन्याचा डोस माहेरी, साडेतीन महिन्यांचा सासरी. माहेरच्या तक्त्यावर ‘ड्रॉपआऊट’, सासरच्या तक्त्यावर एक जास्तीचं बाळ. प्रत्यक्षात बाळाचे डोस वेळच्या वेळी पूर्ण!

म्हणून आकडा कळवणं हे अर्धंच काम. तालुका आरोग्य अधिकाऱ्यानं मासिक बैठकीत ‘तुमची गळती २६ टक्के’ एवढंच सुनावलं, तर आरोग्यसेविका मान खाली घालून निघून जाईल. ‘ही १५ बाळं कोणती?’ असं विचारलं, तर आशाताई नावं सांगू लागतात: दोन सासरी गेली, चार ऊसतोड टोळीबरोबर गावी परतली, तिघांना ताप आला होता, बाकीच्यांच्या घरी उद्या जाते. टक्केवारी वरून खाली येते, कारणं खालून वर जातात. नुसता ओरडाच मिळत असेल, तर पुढच्या महिन्यात आकडे तेवढे सुधारतात. म्हणून तर पर्यवेक्षकानं घरोघरी जाऊन बाळांची कार्डं पाहायची असतात.

आपलाच आकडा आपल्याला दाखवल्यानं खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सरकारी दवाखान्यांचं लसीकरण दरवर्षी मोजून निकाल त्यांच्याच पुढ्यात ठेवला जाई. १९८८ मध्ये निम्म्याच्या थोडं वर असलेलं प्रमाण १९९४ पर्यंत नव्वदीच्या जवळ गेलं. एवढी झेप सगळीकडे साधत नाही. आरोग्यसेवेत सगळीकडेच, नुसत्या लसीकरणात नव्हे, आपल्या कामाचे आकडे दाखवल्यानं काय होतं, याचा १४० चाचण्यांचा आढावा २०१२ मध्ये निघाला. मधली सुधारणा फक्त ४.३ टक्के, पण विस्तार मोठा: पाव चाचण्यांत जवळपास काहीच नाही, पाव चाचण्यांत १६ टक्क्यांहून जास्त. काम मुळात मागे पडलेलं असेल, वरिष्ठ किंवा सहकारी स्वतः सांगत असेल, एकदाच नव्हे तर वारंवार, तोंडी आणि लेखी दोन्ही, आणि पुढे काय करायचं हेही ठरत असेल, तर परिणाम मोठा.

आता लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर बाळाची नोंद नावानिशी होते, त्यामुळे माहेर-सासरचा गोंधळ कमी व्हायला हवा. तरीही नोंद करणाऱ्या सेविकेला आधीच्या डोसाची तारीख लागू शकते. ती बाळाच्या कार्डावर असते. गाव बदलताना झबली-टोपडी भराल, त्याच पिशवीत तेही टाका.