समुद्रसपाटीखालचे पाठ

देशाटनाचे महत्त्व आपल्याकडे शाळकरी वयातच कानांवर पडते; परंतु देशाटन आणि अभ्याससहल या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रवासी जे पाहावयास जातो, ते पाहून परततो. विद्यार्थ्याच्या पदरी मात्र ठरवले होते त्याहून निराळे काही पडले, तरच त्याच्या परदेशगमनाचा खर्च सार्थकी लागला असे म्हणावे लागेल. स्थापत्य, भूगोल वा नगररचना शिकणारे नाना देशांतील विद्यार्थी नेदरलँड्सला जातात, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेषेकरून प्रत्ययास येते. डेल्फ्ट येथील जलशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तर १९५७ पासून आशिया-आफ्रिकेतील अभियंतेही येत आले आहेत. जातात ते बांध आणि यंत्रे पाहावयास. शिकतात ते पुष्कळदा माणसांचे व्यवहार.

पहिला पाठ विमान जमिनीला टेकते तेव्हाच सुरू होतो. आम्स्टरडॅमचा स्खिपोल विमानतळ एका सरोवराच्या तळावर उभा आहे. सुमारे १८,००० हेक्टरांचे हे हार्लेमचे सरोवर तीन प्रचंड वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली कोरडे करण्यात आले. धावपट्टी समुद्रसपाटीहून काही मीटर खाली आहे, हे पुस्तकात वाचलेले असते. पण तेथून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेचा कालवा रस्त्यापेक्षा उंचावरून वाहताना दिसतो, तेव्हा त्या आकड्याला प्रथमच वजन येते.

पुढे किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्यांपाशी एक अवघड प्रश्न उभा राहतो. ही भूमी मुळापासून इतकी खोल होती काय? नव्हती. हजारएक वर्षांपूर्वी तिचा बराचसा भाग समुद्राहून किंचित उंच, पाणथळ व अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांचा होता. शेतकऱ्यांनी चर खणून पाणी काढून दिले. पाणी गेले तशी ती स्पंजासारखी माती आकसली. हवा लागताच तिच्यातील वनस्पतीचा अंश कुजून वायुरूपाने उडून गेला आणि जमीन खचली. जमीन खचली म्हणून पाणी आपोआप वाहून जाईना, म्हणून पवनचक्क्या आल्या. पवनचक्क्यांनी आणखी पाणी उपसले, म्हणून जमीन आणखी खचली. मग वाफ, मग तेल आणि वीज. पंप किती शक्तीचा हवा, याचे गणित विद्यार्थ्याने वर्गात शेकडो वेळा केलेले असते. तो पंप पूर्वजांच्या यशस्वी उपशाचेच अपत्य आहे, ही गोष्ट त्या गणितात कोठेच नसते.

तथापि या सहलीचा खरा गाभा झेलंड प्रांतातील औवेरकेर्क या खेड्यात आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि मोठी भरती एकाच वेळी आली, जागोजागी समुद्रबांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली. येथील शेवटचे मोठे खिंडार त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काँक्रीटच्या चार अजस्र पेट्या बुडवून बुजवण्यात आले. त्या पोकळ पेट्यांतच आता पुराचे संग्रहालय आहे. मृतांची गणना तेथे '१८३५ अधिक १' अशी मांडलेली आढळते. तो अखेरचा एक म्हणजे पुराच्या रात्री जन्मून त्याच पुरात गेलेले अर्भक.

तेथे विद्यार्थ्यांना जी हकीकत कळते ती अभियांत्रिकीपेक्षा दप्तराशी अधिक संबंधित आहे. योहान फान वेन या सरकारी अभियंत्याने बांध अपुऱ्या उंचीचे आहेत, असे बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. परंतु असे निष्कर्ष गोपनीय राहिले आणि युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धामधुमीत पैसा अन्यत्र गेला. अनर्थाची खरी भविष्यवाणी करूनही जिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्या ग्रीक कथेतील कसांड्राचे नाव या गृहस्थाने टोपणनाव म्हणून घेतले होते. खाडीमुखे बंद करण्याविषयीची त्याची टिपणे पुराआधी अवघ्या काही दिवसांपूर्वी वरिष्ठांपुढे गेली होती. त्या रात्री आणखी एक उणीव भोवली. हवामान खात्याने धोक्याची सूचना दिली होती. पण तिच्या तारा ज्यांनी अगोदर मागणी नोंदवली होती त्यांनाच जात, आणि नभोवाणी मध्यरात्री बंद होत असे. लोक झोपेत होते आणि ध्वनिक्षेपक मुके होते. ज्ञान नव्हते असे नाही. ते ज्यांच्या दारात पाणी येणार होते त्यांच्यापर्यंत पोचले नाही, एवढेच.

त्यानंतरच्या प्रचंड बांधकामांविषयी पुस्तकांत भरपूर वाचावयास मिळते. एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्व शेल्ट खाडीचे मुख भक्कम बांधाने कायमचे बुजवावयाचे ठरले होते. कालवे-तिसऱ्यांवर जगणारे कोळी आणि निसर्गप्रेमी यांनी विरोध केला. तेव्हा १९७६ साली संसदेने एरव्ही उघडी राहणारी व वादळातच मिटणारी दारे बसवण्याचे ठरवले. खर्च पुष्कळ वाढला. १९८६ साली पुऱ्या झालेल्या त्या सुमारे ९ किलोमीटर कामातील ६२ पोलादी दारे पाहून विद्यार्थी थक्क होतात. पण ती दारे म्हणजे एका भांडणाचा निकाल आहे, हे त्यांना तेथील माणसांशी बोलल्यावरच उमगते.

या साऱ्याच्या मुळाशी जलमंडळे आहेत. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत जाते. आजही त्यांच्या निवडणुका होतात आणि ती स्वतंत्र कर घेतात. पूर्वी प्रत्येक जमीनमालकाने आपल्या वाट्याचा बांध राखावा असा दंडक होता. ज्याला तो झेपेना त्याने आपले फावडे बांधात रोवून निघून जावयाचे. ते फावडे जो उपटील त्याला जमीन मिळे आणि तिच्याबरोबर बांधही. कठोर खरा, परंतु बांध कोणाचा हा प्रश्न या नियमाने एक दिवसही अधांतरी राहू दिला नाही.

गोव्याचा वा कोकणचा विद्यार्थी हे ऐकतो तेव्हा त्याला आपल्या खाडीकाठची आठवण व्हावी, यात नवल नाही. खारभूमीचे बांध आणि त्यांतील उघाड्या त्याच्या परिचयाच्या असतात. गोव्यातील खाजणांच्या मानशीचे लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. तत्त्व डच दारांचेच. शतकानुशतके त्याची देखभाल गावकारी संस्था करीत. १९६४ च्या कूळकायद्यानंतर हे काम कुळांच्या संघांकडे आले. कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, ही न्याय्यच गोष्ट झाली. पण अनेक ठिकाणी बांध दुर्लक्षित राहिले, फुटले आणि भाताच्या शेतांत खारे पाणी भरले. अशा विद्यार्थ्याच्या टिपणवहीत दारांची मापे आणि पंपांची शक्ती व्यवस्थित उतरवलेली असते. त्याखाली, घरी गेल्यावर चौकशी करावयाची म्हणून, एक वेगळी नोंद येते: आपल्या गावच्या मानशीच्या फळ्या गेल्या खेपेस कोणी बदलल्या, आणि पैसे कोणी दिले?