धप्प, टक, घुर्रर्र

"काकू, नुसतं 'वाजतंय' म्हणू नका. कसं वाजतंय ते सांगा."

सारसबागेमागच्या गल्लीतल्या आमच्या गॅरेजमध्ये मिस्त्री कापडाला हात पुसत म्हणाले, आणि मला त्यांचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं. बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. अनुकरणवाचक शब्दांचा पाठ आला की मुलांकडून फळा भरून घ्यायचे: पावसाची रिपरिप, पानांची सळसळ, भांड्यांचा खणखणाट. आवाजासाठी एवढे नेमके शब्द आपल्या भाषेत आहेत, तर ते गाडीसाठीही वापरायला हवेत.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, म्हणून तीन वर्षांपूर्वी घेतली. सहकारनगरहून कर्वे रोडला जायचं तर पाय किती वेळा क्लचवर जातो, ते पुण्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. पण गिअर आपण टाकत होतो तेव्हा कुठला आवाज आपल्यामुळे आला आणि कुठला गाडीमुळे, हे हाताला कळायचं. ऑटोमॅटिकमध्ये ते सगळं झाकणाआड जातं. उरतात फक्त कान.

मी मिस्त्रींना नीट सांगितलं. सकाळी गाडी थंड असताना. इमारतीतून बाहेर काढायला रिव्हर्स टाकून ब्रेकवरचा पाय उचलला की. एकदाच. आवाज 'धप्प', धान्याचं पोतं जमिनीवर टाकावं तसा.

"मग गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी माउंटिंग बघू," ते म्हणाले.

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेले नसतात. जाड रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात. गाडी पुढे किंवा मागे ओढायला लागली की इंजिन उलट दिशेला कलंडू बघतं आणि रबर तो हिसका गिळतं. रबर फाटलं की लोखंड लोखंडावर आपटतं. माझ्या गाडीचं एक माउंटिंग मधोमध चिरलं होतं. नाना पेठेतून नवं आणून संध्याकाळपर्यंत बसवलंही. 'गिअर टाकताना आवाज' एवढंच ऐकून कुणी गिअरबॉक्स उतरवला असता, तर खर्च कितीतरी पटींनी वाढला असता.

त्या दिवसापासून मी एक वही केली. मैत्रिणींच्या, भावाच्या, शेजाऱ्यांच्या गाड्यांचे आवाजही तिच्यात आहेत. पहिली गोष्ट कळली ती ही, की 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि एकात जो आवाज निरोगी, तो दुसऱ्यात दुखण्याचा असू शकतो.

माझ्या गाडीत एएमटी आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ या पद्धतीने आली आणि मध्यमवर्गाला ऑटोमॅटिक परवडायला लागली. आत गिअरबॉक्स साधाच, क्लचही साधाच. फक्त तुमच्या हातापायांचं काम यंत्र करतं. माझ्या गाडीत त्यासाठी तेलाचा दाब लागतो, म्हणून सकाळी दार उघडलं की किल्ली फिरवायच्या आधीच बॉनेटखालून 'घुर्रर्र' येतं. पहिल्या आठवड्यात मी घाबरून खाली उतरले होते. तो पंप दाब तयार करत असतो. काही सेकंदांत थांबतो. तोच पंप दर मिनिटाला घुरघुरायला लागला, तर मात्र दाब कुठेतरी निसटतोय असं समजायचं. रिव्हर्समध्ये 'कुंईऽऽ' आवाज येतो, तोही बहुतेक वेळा ठीकच. पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, ते एकमेकांत अलगद सरकत मिळतात. रिव्हर्सचे दाते अनेक गाड्यांत सरळ असतात आणि ते एकदम भिडतात, म्हणून गातात. 'खर्रर्र' मात्र कधीच ठीक नसतं. गाडी पूर्ण थांबण्याआधी डी-वरून आरवर गेलात तर ते ऐकू येईल, आणि ती चूक आपली.

आता 'टक' आणि 'खट्'. यांच्यावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत, कारण इथे चालवणाऱ्याची सवय थेट ऐकू येते. माझी मैत्रीण तळजाईच्या चढावर राहते. तिच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे जुन्या, अस्सल घराण्यातली ऑटोमॅटिक; त्याच घराण्यातली, पण टॉर्क कन्व्हर्टरऐवजी साधी तेलाची जोडणी असलेली हायड्रामॅटिक ही पहिली मोठी यशस्वी पेटी जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये दिली होती. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं. एका बाजूचं चक्र ते घुसळतं आणि त्या लोंढ्याने दुसऱ्या बाजूचं चक्र फिरतं. मैत्रीण सांगायची, "सकाळी पी-मधून काढताना केवढ्यानं 'खट्' होतं गं, कधीतरी तुटेल."

मी तिची गाडी लावायची रीत पाहिली. चढावर थांबायचं, पी टाकायचं, ब्रेक सोडायचा आणि मग हँडब्रेक ओढायचा. पी म्हणजे गिअरबॉक्समधला एक लहानसा पोलादी खुंटा. तो दात्यांच्या चाकाच्या खाचेत जाऊन बसतो. ब्रेक सुटला की गाडी बोटभर घरंगळते आणि तिचा सगळा भार त्या खुंट्यावर येऊन बसतो. सकाळी तो ओढून काढावा लागतो, तोच 'खट्'. क्रम बदलायचा: पाय ब्रेकवर ठेवून एन, मग हँडब्रेक घट्ट, मग ब्रेकवरचा पाय हळूच उचलून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, मग पुन्हा ब्रेक दाबून पी. तिने दुसऱ्या दिवसापासून असं केलं आणि आवाज गेला. एक रुपया लागला नाही. पी-मध्ये असताना ब्रेक दाबल्यावर दांड्याखालून येणारी बारीक 'टिक' वेगळी. ती दांडा मोकळा करणाऱ्या कुलपाची असते आणि ती यायलाच हवी.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा. पुली रुंद-अरुंद होतात आणि पट्टा वर-खाली सरकतो. नेदरलँड्सच्या हुब व्हॅन डोर्न यांनी १९५८ साली डाफ मोटारीत हे रबरी पट्ट्यावर करून दाखवलं. बोपदेव घाट चढताना अशी गाडी एकाच सुरात 'गूंऽऽ' करत राहते, वेग मागाहून येतो. तो तिचा स्वभाव आहे. दोन क्लचांच्या डीसीटीत, क्लच कोरडे असतील तर, खराब रस्त्यावर सावकाश जाताना 'किणकिण' ऐकू येते. थोडी चालते, वाढत गेली तर दाखवावी. मात्र एएमटी असो वा कोरडी डीसीटी, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ब्रेक दाबा. सिग्नलला इंच इंच सरकू नका. पुढे जागा होऊ द्या, मग जा. क्लच जळल्याचा वास येईपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

वहीतलं एक पान लिहिताना मला फार वाईट वाटलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटेच घरांत पाणी शिरलं. माझ्या भावाची गाडी खाली पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली. दोन दिवसांनी वरून कोरडी दिसली म्हणून भाच्याने चालू केली. इंजिन लागलं, डी टाकल्यावर गाडी जरा थांबून निघाली, आणि मग खालून 'खर्रखर्र'. गिअरबॉक्सला गरम हवा बाहेर जायला एक श्वासनळी असते. पाणी तिच्यातून आत गेलं होतं. एरवी लालभडक असणारं तेल गुलाबी दुधासारखं निघालं. आतल्या चकत्यांवरचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, ते पाण्याने सुटतं आणि त्याचा लगदा बारीक वाटांमध्ये अडकतो. गाडी चालू न करता ट्रकवर चढवून नेली असती, तेल काढून धुतली असती, तर कदाचित वाचली असती. नदीकाठच्या प्रत्येक घरात हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून मी इथे सांगते आहे: बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका.

तेलाचं आणखी एक. ते कमी झालं की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि 'कुंई' असा बारीक सूर लागतो. गाडी डी टाकल्यावर क्षणभर विचार केल्यासारखी थांबते. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की लांबचा प्रवास काढू नका. आणि सीव्हीटीचं तेल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं; गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला.

आवाज गिअरबॉक्सचाच आहे का, हे घरच्या घरी थोडं तपासता येतं. गाडी सपाटीला उभी, हँडब्रेक ओढलेला, पी किंवा एन, आणि ॲक्सिलरेटर हलका दाबायचा. उभ्या गाडीतही आवाज आला तर तो इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी. चालतानाच आला, गिअर बदलले तरी तसाच राहिला आणि वेगाबरोबर 'ऊंऽऽ' चढत गेला, तर चाकाचं बेअरिंग बघायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना 'कटकटकट' झालं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

माउंटिंग बदलल्यावर मिस्त्रींनी मला शेजारी बसवून तळजाईच्या चढावर ट्रायल मारली. तीनदा रिव्हर्स टाकला. काही वाजलं नाही. परत आल्यावर त्यांच्या हाताखालचा मुलगा जॉबकार्ड भरत होता. कार्ड इंग्रजीत छापलेलं, पण तक्रारीच्या रकान्यात त्याने मराठीत लिहिलं होतं: "धप्प. एकदाच. रिव्हर्सला. थंड गाडी." पुढच्या गिऱ्हाइकाला तो विचारत होता, "दादा, खडखड की खुळखुळ?"