गोव्याला गाडी की विमान? खिशाला विचारा!

गोव्याला जायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘विमानाने जाऊ, तासाभरात पोचू.’ दुसरा, बहुधा गाडीचे हप्ते भरणारा, म्हणतो, ‘मग दारातली गाडी काय पूजेला आहे?’ दोघांनाही पुरेल एवढा दारूगोळा खाली देत आहोत. आमचं मत मधूनमधून डोकावेल, ते चालवून घ्या.

डोकी मोजा, किलोमीटर नंतर

मुंबई ते गोवा रस्त्याने सुमारे ५९० किलोमीटर. जाऊन-येऊन १,२०० धरा. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर ८० लिटर पेट्रोल, लिटरला १०४ रुपये धरले तर ८,३२० रुपये. टोल आणि वाटेतला चहा-वडापाव मिळवून अकरा हजारांपर्यंत जाऊ. आता समजा, विमानाचं एका बाजूचं तिकीट ३,५०० रुपयांना मिळालं. चौघांचं जाणं-येणं २८,००० रुपये! पण जोडप्याचं १४,०००. म्हणजे दोघंच असाल तर फरक तीनेक हजारांचा आणि बारा तास स्टिअरिंग धरायचं नाही, हा बोनस. विमान माणशी पैसे घेतं, गाडी मात्र तुम्ही एकटे असा की पाच जण, तेवढंच पेट्रोल पिते. त्यामुळे आजी-आजोबाही यायचं म्हणाले की विमानाचा पक्ष तिथेच गारद. (टायरची झीज आणि सर्व्हिसिंग या हिशोबात कुणीच धरत नाही. आम्हीही नाही धरलं.)

‘तासाभरात’ म्हणजे किती तासांत?

मुंबई-गोवा विमान साधारण सव्वा तासाचं. पण देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून शहाणी माणसं दोन तास आधी पोचतात. त्यात डोंबिवली ते विमानतळ मिळवा, उतरल्यावर बॅगांची वाट पाहणं मिळवा, टॅक्सी मिळवा. सव्वा तासाचे सहा तास कधी होतात ते कळत नाही. गाडीला अकरा-बारा तास लागतात, हेही खरं. तरीही एका सुट्टीच्या दिवसाचा बराचसा भाग दोन्हीकडे जातोच.

कुठल्या गोव्यात उतरताय?

गोव्यात विमानतळ दोन. वास्कोजवळचा दाबोळी हा नौदलाच्या तळावरचा. दुसरा पेडणे तालुक्यातला मोपा, मनोहर पर्रीकरांच्या नावाचा, जिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. तिकिटावर पहिल्याचं लघुनाव ‘जीओआय’, दुसऱ्याचं ‘जीओएक्स’. एक अक्षर इकडचं तिकडे! गोवा उत्तर-दक्षिण साधारण १०५ किलोमीटर लांब. मोपा पार उत्तरेला आणि तुमचं हॉटेल दक्षिण टोकाच्या काणकोणला असेल, तर स्वस्तात मिळालेल्या तिकिटाचा फायदा टॅक्सीवाल्याला. ओला-उबरची सवयही इथे कामाला येत नाही. २०१८ पासून सरकारच्या पाठिंब्याचं ‘गोवा माइल्स’ अ‍ॅप आहे. एकटादुकटा असाल तर ‘पायलट’ आहेतच. विमानाचे नव्हेत, मोटारसायकल टॅक्सीचे! काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी दिसली तर ती भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी, म्हणजे आत बहुधा आपल्यासारखाच कुणी पाहुणा. जरा अंतर ठेवलेलं बरं.

दुसरा वाढदिवस महागात पडतो

दोन वर्षांखालचं बाळ विमानात मांडीवर बसतं आणि त्याचं तिकीट नाममात्र असतं. दोन वर्षं पूर्ण झाली की त्याला स्वतःची सीट, आणि स्वस्तातल्या विमान कंपन्यांत भाडं जवळपास मोठ्यांइतकंच. रेल्वे याबाबतीत दिलदार. पाच वर्षांखाली फुकट आणि बारापर्यंत अर्धं तिकीट, फक्त वेगळा बर्थ मागायचा नाही.

आणि हो, सीट निवडण्याचे पैसे भरण्याआधी थांबा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच बुकिंगमध्ये असेल तर, आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्या, असं ‘डीजीसीए’ने, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकाने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. ‘मूल एकटं कसं बसेल?’ या भीतीपोटी पैसे मोजायची गरज नाही.

नारळाची कथा

कोकणातून येताना नारळ आणायचा नाही तर काय आणायचं? गाडीच्या डिकीत पोतंभर मावतात. विमानात मात्र अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. २०२४ च्या शबरीमला यात्रेत भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत नेता यावा म्हणून मुद्दाम सवलत द्यावी लागली, तीही मुदतीपुरती. सुकं खोबरं तर त्याहून नाजूक प्रकरण. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते चक्क धोकादायक माल! पॉवर बँकेचं नारळाच्या उलटं. ती हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनच्या बॅगेत नाही. सामानाची मर्यादाही लक्षात असू द्या. माणशी १५ किलो बॅग आणि ७ किलो हातात. जाताना पुरते. येताना काजू, कोकम आणि काकूंनी दिलेल्या लोणच्याच्या बरण्यांनी घोटाळा होतो.

कळसूबाईपेक्षा उंच चिवडा

उंच उडणाऱ्या जेट विमानात आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते. आपला कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. चिवड्याचं पाकीट फुगतं ते या विरळ हवेमुळेच. कोरड्या, विरळ हवेत खारट-गोड चवही मंद लागते, तेव्हा महागडं सँडविच बेचव वाटलं तर दोष सगळा आचाऱ्याचा नसतो. खाली विमानतळावरच्या चहाचे भाव ऐकून मात्र तोंड कडू व्हायचं. त्यावर उतारा म्हणून कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ निघाला, चहा दहा रुपये. विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासासाठी खाणंपिणं कंपनीने फुकट द्यायचं असतं. मागायला लाजू नका.

रस्ता, टोल आणि पोटातली खळबळ

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा जन्मलेली मुलं आता हायस्कूलात आहेत. कशेडीच्या बोगद्याने घाटाचा वळसा वाचवला हे मान्य, पण माणगावची कोंडी अनुभवलेले बरेच जण अजून पुणे-कोल्हापूर-आंबोली असंच जातात. अंतर थोडं जास्त, पण वाटेत साताऱ्याचे कंदी पेढे, कोल्हापूरची मिसळ आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी. सहलीचा अर्धा आनंद इथेच वसूल होतो. विमानाच्या खिडकीतून यातलं काही विकत मिळत नाही, हे आमचं स्पष्ट मत.

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास मिळू लागला, तेव्हा ३,००० रुपयांत. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे तेव्हा एका नाक्याला १५ रुपये पडायचे! खेड-शिवापूर, आनेवाडीला तो चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथे चालत नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं, ते आधी काढून ठेवायचे.

घाटात कुणाला गाडी लागत असेल तर त्याला पुढे बसवा आणि हातातला मोबाइल काढून घ्या. कान सांगतो ‘आपण हलतोय’, स्क्रीनवरचे डोळे सांगतात ‘छे, स्थिर आहोत’, आणि या भांडणात पोट मरतं. आवळासुपारी जवळ असू द्या.

आणि तिसरा पक्ष

गाडी हवी पण चालवायची नाही, अशांसाठी कोकण रेल्वेने ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, गाड्याच रेल्वेवर चढवल्या. कोलाडला गाडी वाघिणीवर ठेवायची, आपण डब्यात बसायचं आणि बारा तासांनी गोव्यातल्या वेर्ण्याला उतरायचं, अशी ती सोय होती. एका फेरीला ४० गाड्यांची जागा. तेव्हा गाडीचं भाडं ७,८७५ रुपये होतं, माणसांचं तिकीट वेगळं, आणि गाडीमागे माणसं तीनच. इथे चौकोनी कुटुंबाची पंचाईत व्हायची. कोलाडपर्यंतचे शंभरावर किलोमीटर तर स्वतःच हाणायचे! मुंबईहून गोव्यापर्यंतचं पेट्रोल चार हजारांच्या आसपास, त्यामुळे ही सोय पुन्हा निघाली तरी स्वस्त म्हणून घेऊ नका. पाऊस कोसळत असताना रात्रभर डब्यात झोपून सकाळी आपल्याच गाडीने समुद्रावर जायचं असेल, तर मात्र घ्या, आणि घरातला चौथा कोण मागे राहणार ते आधी ठरवा.