फ्लामेंको : नाव नेमकं कुणाचं?

लाल घेरदार झगा, टाचांचा ठेका, गिटार... फ्लामेंको म्हटलं की हेच चित्र. नावाबद्दलच्या कहाण्याही तितक्याच रंगीत आहेत.

स्पॅनिशमध्ये आपल्या रोहित पक्ष्यालाही ‘फ्लामेंको’च म्हणतात. म्हणून ताठ मानेच्या नर्तकांना पक्ष्याचं नाव पडलं, असं हौसेनं सांगितलं जातं. अडचण अशी, की हे नाव मुळात नाचाचं नव्हतंच. 1841 साली जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकानं नोंदवलं, की स्पेनमध्ये काही ठिकाणी हितानोंना, म्हणजे तिथल्या रोमा लोकांना, फ्लामेंको म्हणतात. 1847 च्या माद्रिदच्या एका वर्तमानपत्रात ‘फ्लामेंको’ म्हटलंय ते एका गायकाला. माणसं आधी, मग त्यांचं गाणं. पक्षी कुठेच नाही.

दुसरी कहाणी अरबी. ‘फलाह मंगू’, म्हणजे हाकलून दिलेला शेतकरी, यावरून शब्द आला म्हणे. 1609 ते 1614 या काळात स्पेननं मोरिस्कोंना, म्हणजे ख्रिस्ती व्हायला लावलेल्या मुस्लिमांच्या वंशजांना, खरोखरच देशोधडीला लावलं, त्यामुळे ही कहाणी मनाला भिडते. पण ती मांडली दक्षिण स्पेनमधल्या अँडालुसियाचे लेखक ब्लास इन्फांते यांनी, विसाव्या शतकात. असा शब्दप्रयोग कुणी केल्याचा जुना कागद नाही.

शब्दकोश सांगतो तो अर्थ साधा आहे : फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या प्रदेशाचा, रहिवासी, फ्लेमिश. मग हितानोंचा फ्लँडर्सशी संबंध काय? बॉरोच्या मते लोक त्यांना जर्मन समजत, आणि अडाण्यांच्या लेखी जर्मन काय, फ्लेमिश काय, सगळे सारखेच. तर्क पटण्याजोगा आहे, पण तर्कच. 1881 मध्ये फ्लामेंको गीतांचा संग्रह काढणाऱ्या अंतोनियो माचादो इ आल्वारेस यांनी तर या नावाचं कारण ठाऊक नाही, असं सरळ लिहून टाकलं.

आपल्याकडे आणखी एक दावा चालतो : फ्लामेंको म्हणजे कथकचंच रूप. रोमा भाषेचं मूळ भारतातलं, हे पक्कं. तिच्यात दोनाला ‘दुई’, पाचाला ‘पंज’. हितानोंच्या कालो बोलीत पाण्याला ‘पान्यी’. पण हे लोक पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोचले, ते इराण, बायझंटाइन प्रदेश, बाल्कन असा कित्येक पिढ्यांचा प्रवास करून. भारतातून फ्लामेंको गाठोड्यात बांधून आणलं असतं, तर ते हंगेरीतल्या रोमांकडेही सापडायला हवं होतं. तिथे ते नाही. ते घडलं अँडालुसियात, हितानो आणि बिगर-हितानो दोघांच्या हातून.