फवारणीचं विष आणि मिठाची बरणी

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावला, की अकोला-अमरावतीच्या शवविच्छेदन कक्षात दोन तऱ्हेच्या बरण्या लागतात. एकीत फॉर्मेलिन, दुसरीत मिठाचं पाणी. मीठ जेवणातलंच, पण आणखी विरघळेना इतकं घातलेलं: 100 मिलिलिटर पाण्याला साधारण 36 ग्रॅम.

ऊती टिकवण्यासाठी फॉर्मेलिनचा उपयोग 1893 मध्ये फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लूम यांना सापडला. जंतुनाशक म्हणून ते हाताळताना त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली होती. मृत्यूनंतर पेशी आपल्याच विकरांनी स्वतःला पचवू लागतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांवर असताना, तर फारच झपाट्यानं. फॉर्मेलिनमधलं फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी बांधतं. विकरंही प्रथिनंच, त्यामुळे तीही जखडली जातात. पेशीचा आकार जागच्या जागी थिजतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजार वाचता येतो. मात्र हे द्रावण तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं, म्हणून तुकडा पातळ हवा आणि द्रावण त्याच्या किमान दहापट.

विष शोधायचं असेल तेव्हा हीच बांधणी आड येते. कडक झालेल्या ऊतीतून विष बाहेर काढणं अवघड जातं. सायनाइडशी तर फॉर्माल्डिहाइडची थेट रासायनिक क्रियाच होते. म्हणून जठर, आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंड, म्हणजे ज्याला सगळे ‘व्हिसेरा’ म्हणतात तो, मिठाच्या पाण्यात ठेवतात. मीठ जिवाणूंना लागणारं पाणी तोडतं, प्रथिनांना बांधत नाही. तीव्र आम्लाची विषबाधा असेल तर मिठाऐवजी स्पिरिट घेतात. दारूचा संशय असेल तर स्पिरिट वर्ज्य. रक्तात सोडियम फ्लोराइड घालतात. वापरलेल्या मिठाच्या पाण्याचा कोरा नमुनाही सीलबंद करून सोबत पाठवावा लागतो, कारण विष त्या पाण्यातूनच आलं नाही हे सिद्ध करावं लागतं. ही काटेकोर सवय मला फार मोलाची वाटते.

हे सारे नमुने अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासता येतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले, तेव्हा कुठलं कीटकनाशक, हा प्रश्न घराघरांत होता. मदतीचा दावाही अनेकदा रासायनिक अहवालापाशी अडतो. घाईत व्हिसेरा फॉर्मेलिनमध्ये गेला, तर ती चूक मागे घेता येत नाही. ग्रामीण रुग्णालयांत दोन्ही बरण्यांवर आतल्या द्रावणाचं नाव ठळक मराठीत आधीच लिहून ठेवावं; त्याला खर्च असा काहीच नाही.