विजेची होडी आणि परतीचा हिशेब

घरांत वीज गेली तर मेणबत्ती सांपडते. तळ्याच्या मध्यावर गेली तर किनारा सांपडत नाहीं.

विजेची होडी कांहीं नवी नव्हे. १८८१ सालीं गुस्ताव्ह त्रूव्हे यांनीं पॅरिसच्या सीन नदींत ती चालविली. तिची मोटार सुकाणूसह उचलून काढतां येत असे. आजची लहान मोटारही होडीच्या काठावर पकडीनें बसते. ती धूर सोडीत नाहीं, आवाजही फारसा करीत नाहीं. परंतु तिचें खरें बळ पंख्यांत नसून बॅटरींत असतें.

१०० अँपिअर-तासांच्या बॅटरींतून मोटार २५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर हिशेब चार तासांचा दिसतो. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचें आयुष्य घटतें. म्हणून दोनच तास धरावेत. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति सुमारें आठपट लागते.

जड बॅटरी तळाशीं, मध्याजवळ पक्की बांधावी. तारा जाड असाव्यात व बॅटरीच्या धनाग्राजवळच फ्यूज असावा.

जातांना पाठीशीं असलेला वारा येतांना तोंडावर येतो. म्हणून पहिलीं चाळीस मिनिटें संपतांच होडी वळवावी. आणि वल्हीं घरीं ठेवूं नयेत.